पेरिगोरमधल्या त्या तिघांचे आभार

ऑक्टोबरमध्ये आई आणि मी फ्रान्समधल्या पेरिगोर भागात, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात होतो. बेनाक आणि पलीकडच्या तीरावरचा कास्तेलनो, इंग्रज-फ्रेंचांच्या शंभर वर्षांच्या युद्धात एकमेकांसमोर ठाकलेले किल्ले. बेनाकचा चढ आईला झेपेना. गुडघा धरून ती पायरीवर टेकली, तर शेजारच्या घरातल्या आजींनी न सांगता खुर्ची आणि पाणी आणून दिलं. आजी, तुमचे आभार.

सें-लेओं-स्यूर-वेझेर गावातल्या बाराव्या शतकातल्या चर्चपाशी एका काकांनी छपराची चपटी चुनखडीची फरशी माझ्या हातात ठेवली. केवढी जड! असं अख्खं छप्पर पेलणाऱ्या त्या बांधणीचं मला फार अप्रूप वाटलं. काका, धन्यवाद.

आणि ते शेतकरी दादा! संध्याकाळी आडरस्त्यावर आमची गाडी पंक्चर झाली, फोनला रेंज नाही. दादा ट्रॅक्टर थांबवून उतरले. आक्रोडाच्या हिरव्या सालींनी त्यांची बोटं काळी पडली होती. चाक बदललं, पैसे घेईनात, उलट टोपीभर आक्रोड आईच्या पदरात ओतले. तुमचं नाव विचारायचं राहिलं, दादा. शेवटचे चार आक्रोड आईने अजून डब्यात जपून ठेवलेत.