ड्राफ्टिंग घे, पण गणित धरून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा बाबांशी वाजलं आणि तू बॅग उचलून सॅक्रॅमेंटोला काकांकडे निघून गेलास. फोनवर आपले आवाज चढतात, म्हणून लिहिते. ड्राफ्टिंगच्या, म्हणजे इमारतींची आणि यंत्रांची ड्रॉइंग काढायच्या, दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला माझा विरोध नाही. बाबांचाही नाही, त्यांना धसका वेगळ्याच गोष्टीचा आहे.

पैशाचा तुझा हिशेब बरोबर आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर, म्हणजे डिग्रीच्या ६० युनिटांचे २,७६०. वर पुस्तकं, हेल्थ फी, पार्किंग. फाफ्सा, तो सरकारी मदतीचा अर्ज, मात्र वेळेत भर, फीमाफीत बसलास तर युनिटांचे पैसेही वाचतील. ऑटोकॅड आणि रेव्हिट ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात. त्यांवर पैसे घेऊन कोणाचं काम तेवढं करायचं नाही. मोठा खर्च लॅपटॉपचा. तुझ्या मॅकवर ऑटोकॅड चालेल, पण रेव्हिट आणि सॉलिडवर्क्सला विंडोज लागतं. रॅम १६ जीबीच्या खाली नको, जमलं तर ३२ घे. त्याआधी कॉलेजची लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचार. पहिलं सत्र लॅबवर निभावता येतं.

तेव्हा पैसा बुडायची भीती नाही. वेळ बुडेल, याची आहे. तू पाठवलेल्या यादीत कॅल्क्युलस कुठेच नाही. या डिग्रीला बीजगणित-त्रिकोणमितीवर भागतं, त्यामुळे नियमाने तुझं काही चुकत नाही. पण दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला ट्रान्स्फर घ्यावीशी वाटली, तर कॅडचे, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकवणारे, बहुतेक वर्ग तिथे उपयोगी पडत नाहीत. तिथे बघतात कॅल्क्युलसचे एकामागून एक येणारे वर्ग आणि त्यांच्या आधारावरचं फिजिक्स. हे एकदम घेता येत नाहीत. पहिला वर्ग हुकला की मागचे सगळे पुढे सरकतात. असिस्टच्या साइटवर तुझं कॉलेज आणि समोरची युनिव्हर्सिटी निवडून बघ, कोणता वर्ग धरतात ते ओळीने दिसतं.

पगाराचंही बोलून टाकते. २०२२ च्या सरकारी आकड्यांत ड्राफ्टरचा मधला पगार वर्षाला ६०,००० डॉलरच्या आसपास होता, सिव्हिल इंजिनिअरचा ९०,००० च्या. मधला म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, आणि नवीन पोरगा त्या निम्म्यांतच असतो. दोन वर्षांच्या शिक्षणावर ६०,००० वाईट मुळीच नाहीत. पण या कामाच्या जागा फारशा वाढत नाहीत. जे पूर्वी ड्राफ्टरकडे जायचं, त्यातलं बरंचसं आता इंजिनिअर स्वतःच मॉडेलमध्ये करतात. म्हणून म्हणते, गणित.

बघ, झालं माझं भाषण सुरू. रागावू नकोस.

तुझा हात चांगला आहे, हे मला कोणी सांगायला नको. आठवीत असताना साताऱ्याला आजोबांची जुनी शीट उलगडून तू विचारलं होतंस, वरून दिसणारं चित्र खाली का काढलंय? कारखान्यात सगळे बघून जायचे, असं कोणी विचारलं नव्हतं, म्हणत ते दोन दिवस गावभर सांगत फिरले. तिकडे वरून दिसणारं चित्र खाली काढतात, तो फर्स्ट अँगल, इकडे वर काढतात, तो थर्ड अँगल, हे त्यांनी तुला काड्यापेटी फिरवून दाखवलं. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडताना कागद फाटू न देणारा माणूस होता तो. तू त्यांच्यावर गेलायस.

तीच नजर ठेव. आमच्या ऑफिसात नवीन मुलांच्या ड्रॉइंगमध्ये एक चूक हटकून सापडते. भिंत काढलेली असते ११ फूट ८ इंच, पाहिजे असते १२ फूट. तर भिंत न सरकवता डायमेन्शनवर, म्हणजे लिहिलेल्या मापावर, डबल क्लिक करून नुसता आकडा १२ टाइप करतात. कागदावर सगळं ठीक दिसतं. मग त्याच फाइलवरून दुसरा कोणी पाया आखतो आणि चार इंच कमी पडतात. मी संशय आला की रेषा आधी मोजते, आकडा नंतर वाचते. फाइल पाठवताना एक्सरेफ, म्हणजे तिला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फाइली, सोबत जातात का तेही बघ, नाहीतर समोरच्याला अर्धी बिल्डिंग दिसते. नोकरी देणारा डिग्रीच्या आधी तुझी शीट्स बघेल, तेव्हा प्रत्येक वर्गातली दोन-तीन नेटकी करून वेगळी ठेव. वरच्या पातळीचे वर्ग बरेचदा वर्षातून एकदाच लागतात. सल्लागाराला भेटून दोन्ही वर्षांचं वेळापत्रक आत्ताच मांडून घे.

आणि त्यात कॅल्क्युलस बसतंय का ते पाहा. पाच युनिटांचा वर्ग धरला तरी २३० डॉलर होतात, ते मी भरते. जड गेलं तर ठरलेल्या तारखेच्या आत सोड, मी शब्दाने विचारणार नाही. (विचारेन बहुधा. पण ओरडणार नाही.)

बाबा रोज संध्याकाळी काकांना फोन लावतात आणि तुझं नाव न काढता ठेवून देतात. तूच एकदा उचल.

रजिस्ट्रेशन झालं की यादीचा फोटो पाठव.

तुझी,
आई