केनियाच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आजाराचा सातबारा कुणाच्या नावावर?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

नैरोबीत माझं औषधांचं दुकान आहे. इंग्रजी पत्र आपल्या कार्यालयात दिलंच आहे. हे मराठीत लिहितोय, कारण इथल्या आणि गावाकडच्या माझ्या माणसांनीही यात लक्ष घालावं असं वाटतं.

एक बाई दर महिन्याला माझ्याकडून फक्त कापूस नेते. कशासाठी, ते एकदा तिनंच सांगितलं. एचआयव्हीच्या गोळ्या ती सरकारी दवाखान्यातून आणते. तोही दोन मटाटू (इथल्या प्रवासी व्हॅन) बदलून गाठायचा, म्हणजे ओळखीचं कुणी भेटत नाही. परत येताना पर्समधली बाटली खुळखुळू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबते.

4 डिसेंबर 2025 ला वॉशिंग्टनमध्ये केनिया आणि अमेरिकेचा आरोग्य करार झाला, तेव्हा मला तीच आठवली. पाच वर्षांत अमेरिका 1.6 अब्ज डॉलर देणार, केनिया आरोग्यावरचा स्वतःचा खर्च 85 कोटी डॉलरनं वाढवणार, आणि सोबत इथल्या लोकांच्या आरोग्याची माहिती अमेरिकेला देण्याची कलमं. ग्राहक संघटना कोर्टात गेली. 11 डिसेंबरला हायकोर्टानं माहिती देण्यापुरती अंमलबजावणी थांबवली. हायसं वाटलं. पण साहेब, हे आधी आपल्याच मंत्रालयाला खटकायला हवं होतं.

नावं जाणार नाहीत, नुसते एकत्रित आकडे जातील, असं सरकार सांगतं. लहान गावात वय, दवाखाना आणि तारीख कळली की नाव वेगळं सांगावं लागत नाही.

गरजवंताला अक्कल नसते, अशी आमच्याकडे म्हण आहे. मला ती कधीच पटली नाही. अक्कल असते हो, नाही म्हणायची सोय नसते. 1989 पासून केनियातल्या बाळंतिणींची, बालमृत्यूंची खरी स्थिती ज्या सर्वेक्षणांतून कळायची, तो अमेरिकी पैशावरचा कार्यक्रम 2025 च्या फेब्रुवारीत तिकडून बंद झाला. इथली किती लेकरं दगावली हे मोजायचं की नाही, तेही तिकडेच ठरलं! आणि आफ्रिकेनं आपण होऊन माहिती दिली तर? नोव्हेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉनची खबर दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानातल्या शास्त्रज्ञांनी जगाला दिली, आणि काही दिवसांतच त्या भागातली विमानं बंद झाली. हात दाखवून अवलक्षण.

आपल्याच 2023 च्या डिजिटल आरोग्य कायद्यात या माहितीला राष्ट्राची ठेव मानलं आहे. मग करार सगळ्या जोडपत्रांसकट स्वाहिलीत छापून प्रत्येक दवाखान्यात लावा. सर्व्हर केनियात ठेवा, त्याची किल्ली केनियाच्या माणसाकडे असू द्या. मदत थांबली तरी नोंदी थांबणार नाहीत, एवढी तरतूद बजेटमध्ये करा.

ती बाई पुढच्या महिन्यात येईल. तिची फाइल कोण उघडू शकतं, असं तिनं विचारलं तर काय सांगू, ते कृपया लेखी कळवा.

आपला,
नैरोबीतला एक औषधविक्रेता