अक्का, माऊस माझ्याच हाती ठेवलात त्याबद्दल

सोलापूर

आदरणीय अक्का,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "गप बस गं" म्हणत चहा टाकायला आत जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आपल्याकडे टॉवेल-चादरीवाले, शेंगाचटणी-कडक भाकरीवाले असे कितीतरी जण आहेत, ज्यांना कुणीतरी एकदा वेबसाइट करून दिली आणि ती तेव्हा होती तशीच पडून आहे. तुम्ही मला काय शिकवलंत ते त्यांनाही कळू दे.

आमच्या चादरीच्या कारखान्याची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर केलेली; तिची तऱ्हा तुम्ही पाहिलीच होती. एक मोबाइल नंबर बदलायचा तरी साइट करून देणाऱ्यांच्या मागे लागायचं. ते "उद्या करतो" म्हणायचे, मग बिल यायचं, मग काम व्हायचं. आणि काम म्हणजे काय, तर एक ओळ! आमच्या ह्यांचं म्हणणं, दुसरा माणूस बघू. मामंजींचं म्हणणं, साइट कशाला हवी, व्हॉट्सअ‍ॅप आहे की. तुम्ही मला फक्त लॉगिन करायला लावलंत, 'अपिअरन्स'खालचं 'विजेट्स' उघडायला सांगितलंत आणि स्वतः दोन हात मागे खुर्ची सरकवून बसलात. मी माऊस तुमच्याकडे सरकवला तर म्हणालात, "अगं, तूच धर की. काय मोडत नाही."

मला वाटत होतं आता कोड दिसणार. दिसलं काय, तर साइडबार, फूटर अशी नावं असलेल्या चौकटी, आणि प्रत्येकीत एकाखाली एक लावलेल्या गोष्टी: सर्च, नव्या पोस्ट, कॅलेंडर, फोटो, मजकूर. त्या एकेका गोष्टीलाच विजेट म्हणतात. कोणत्या जागा मिळणार हे थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, ठरवते, त्या जागांत काय बसवायचं ते आपण. हे एवढं एक वाक्य तुम्ही सांगितलंत आणि माझी निम्मी भीती गेली.

तुम्ही मला आधी काही लावायला नाही, काढायला सांगितलंत, याचं मला अजून कौतुक वाटतं. आमच्या साइडबारला 'रिसेंट कॉमेंट्स' नावाचं विजेट होतं आणि त्यात एकच नाव झळकत होतं, 'ए वर्डप्रेस कमेंटर'. वर्डप्रेस नवीन बसवलं की नमुन्यादाखल जी कॉमेंट आपोआप येते, तीच ती. म्हणजे आमच्या चादरी बघायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला इतकी वर्षं हा एकच पाहुणा भेटत होता! त्याखाली कॅलेंडर, जे फक्त आपण कोणत्या तारखेला पोस्ट टाकली ते दाखवतं. आमच्या पोस्टच नाहीत, तर ते बिचारं रिकामं. त्याखाली 'मेटा', त्यात लॉगिनची लिंक आणि वर्डप्रेसच्या साइटची लिंक. "गिऱ्हाइकाला लॉगिन करून काय करायचंय, तुझा कारखाना चालवायचाय का?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मामंजी पेपरामागून हसलेले मी ऐकले.

सगळं काढून झाल्यावर साइडबारला चारच गोष्टी उरल्या: शोधायची चौकट, मालाचे प्रकार, ऑर्डरचा नंबर, आणि चादरीच्या विणीचा जवळून काढलेला फोटो. तो फोटो तुमच्याच हट्टाने लागला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात 'सोलापुरी' म्हणून भलतंच खपवलं जातं. गिऱ्हाइकाला वीण जवळून दिसू दे, बाकी बडबड नको, असं तुमचं मत. माझंही आता तेच झालंय. विजेट फुकट मिळतात म्हणून पान भरून टाकणाऱ्या साइट बघितल्या की जीव घाबरतो.

मोबाइलचं तुम्ही दाखवलंत ते तर मी ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला सांगत सुटले आहे. 'कस्टमाइझ'मध्ये गेलं की पॅनेलच्या तळाशी कॉम्प्युटर, टॅब आणि मोबाइलची बारकी चित्रं असतात. मोबाइलच्या चित्रावर क्लिक करायला लावलंत, आणि उजवीकडे ऐटीत बसलेला आमचा साइडबार गायब! खाली, खाली, अजून खाली गेल्यावर सगळ्या फोटोंच्या शेवटी सापडला, आणि त्यात आमचा ऑर्डरचा नंबर. आमची बहुतेक गिऱ्हाइकं फोनवरूनच येतात. त्यांना नंबरापर्यंत पोचायला अख्खं पान सरकवावं लागत होतं. आमच्या थीममध्ये हेडरच्या लगेच खाली एक जागा रिकामी पडली होती, नंबराचं विजेट तिथे नेलं. पब्लिश करण्याआधी कसं दिसतंय ते तिथल्या तिथे दिसत होतं, त्यामुळे धाकधूक नव्हती.

नकाशाची गंमत निराळी. गूगल मॅपवर आपली जागा काढायची, शेअरमध्ये जाऊन 'एम्बेड' निवडायचं, ते जे काही इंग्रजी लांबलचक देतं ते जसंच्या तसं उचलून 'कस्टम एचटीएमएल' विजेटमध्ये चिकटवायचं. मी विचारलं, हा कोडच झाला की! तुम्ही म्हणालात, "तू लिहिलास का? नाही ना? मग झालं." आता अक्कलकोट रोडवरून आत वळल्यावर वाट विचारणारे फोन कमी झालेत, हे आमच्या गेटवरच्या वॉचमनने आपणहून सांगितलं.

तुम्ही गेल्यावर मामंजींनी मात्र या 'कोड नको' प्रकरणाला खोडा घातला. त्यांचं आयुष्य जॅकार्डच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर गेलेलं. म्हणाले, "हे आमच्या कार्डासारखंच झालं. कार्डाला जिथे भोक, तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. कार्डं बदलली की नक्षी बदलते, माग खोलावा लागत नाही. पण ते कार्ड पंच करणाऱ्याला माग ठाऊक असावा लागतो." बरोबर आहे त्यांचं. विजेट वर्डप्रेसच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच आले ते 2007 साली, 2.2 आवृत्तीत. त्याआधी साइडबारमधली एखादी गोष्ट हलवायची तर सहसा थीमची फाइल उघडून त्यात हात घालावा लागायचा. कुणीतरी ते सगळं लिहून ठेवलंय म्हणून आपण नुसतं ओढून बसवतो. त्या न पाहिलेल्या माणसांचेही आभार तुमच्या पत्रातच उरकते, रागावू नका.

विजेटने काय होत नाही तेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. लोगो मधोमध घ्यायचा, साइडबार डावीकडे न्यायचा, पानाची रुंदी बदलायची, हे थीमच्या सेटिंगचं काम. थीम देत असेल तर होईल, नाहीतर नाही. आणि थीम बदलायची लहर आली तर आधी कोणतं विजेट कुठे आहे त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेव, कारण नव्या थीमच्या जागा वेगळ्या असतात आणि काही विजेट थेट 'इनअ‍ॅक्टिव्ह'मध्ये जाऊन पडतात. आमच्या ह्यांनी दिवाळीत थीम बदललीच. तुमच्या सांगण्यावरून काढलेले फोटो होते म्हणून संध्याकाळच्या आत सगळं जागच्या जागी बसलं.

हे 'इनअ‍ॅक्टिव्ह' माझ्या सगळ्यात आवडीचं. विजेट पुसायचं नाही, तिकडे नेऊन ठेवायचं. आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची जत्रा, भरला की कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं येतात आणि परत जाताना चादरी घेऊन जातात. तेवढ्या दिवसांसाठी दुकानाची वाढीव वेळ आणि गाडी कुठे लावायची याची सूचना वर लावायची, यात्रा संपली की इनअ‍ॅक्टिव्हमध्ये, पुढच्या जानेवारीत पुन्हा वर. लग्नसराईत तसंच, टॉवेल-टोपीच्या आहेराच्या ठोक भावाची चौकट. आता हे मी जेवणं झाल्यावर ओट्याशी उभी राहून फोनवरून करते.

त्या गड्ड्याच्या सूचनेचीच एक गोष्ट. मराठीत लिहून झाली, तेव्हा तुम्ही वाचलीत, थोडा वेळ काही बोलला नाहीत, आणि मग खुर्ची पुढे ओढलीत. त्याखाली तेलुगूत एक ओळ टाइप केलीत. तुमच्या घरची भाषा ती. आमच्यासारख्या मराठी घराच्या कारखान्यात आजही अर्ध्या मागांवर तेलुगूच ऐकू येते, पण आमच्या साइटवर ती यावी हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्या शिकवणीत तुम्ही कीबोर्डला हात लावलात तो तेवढाच. यात्रेत एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या फोनवर तीच ओळ दाखवत दुकानात आले आणि काउंटरवर थेट तेलुगूत बोलायला लागले. मला एक अक्षर कळलं नाही. मामंजींनी धावत येऊन सांभाळून घेतलं.

मध्येच विजेटची स्क्रीन बदलली तेव्हा मी घाबरून तुमच्याकडे आले होते, ते आठवत असेल. 2021 च्या 5.8 आवृत्तीपासून विजेटही ब्लॉकने, म्हणजे मजकूर-फोटोच्या सुट्या ठोकळ्यांनी, लावायचे झाले आणि आमची साइट उशिरा अपडेट झाल्यामुळे मला ते अचानक दिसलं. जुनं हवं असेल तर 'क्लासिक विजेट्स' प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, टाक, तो वर्डप्रेसवाल्यांचाच आहे, हे सांगून तुम्ही लगेच वर म्हणालात, "पण टाकू नको. आत्ता शिकलीस तर पुढं सोपं." कंटाळा आला होता, शिकले. डॅशबोर्डची भाषा मराठी करता येते तरी इंग्रजीच ठेव, म्हणजे व्हिडिओत जे बटण म्हणतील ते तुला सापडेल, हाही सल्ला कामाचा निघाला.

पैशाचा विषय काढला की तुमचा चेहरा उतरतो, म्हणून काढत नाही. पण दिलेला टॉवेल तुम्ही कपाटात घडी करून ठेवलाय, तो वापरायला काढा. धुतल्यावर जास्त मऊ होतो, ठेवून नाही.

आणि एक काम आहेच. यंदाच्या गड्ड्याच्या सूचनेत कन्नड ओळही घालायची आहे. विजेट मी लावते, पण ती ओळ कुणाकडून नीट लिहून घ्यायची तेवढं सांगा. शनिवारी दुपारी येते. चहा मी करीन.

तुमची,
शेजारची सूनबाई