एकाची खातेवही, दुसऱ्याची लग्नपत्रिका

मा. संपादक महोदय, स. न.

रविवारच्या पुरवणीतला साम्यवाद-भांडवलशाहीवरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यात घोळत राहिला म्हणून सकाळीच लिहायला बसलो. लेखकमहाशयांची लेखणी झणझणीत आहे, वाद नाही. स्टालिनच्या छावण्या, युक्रेनचा 1932-33 चा दुष्काळ, माओच्या राज्यातले भूकबळी, सगळं खरंच आहे. हे नाकारणाऱ्या कॉम्रेडांशी मीही पाटनीपुऱ्याच्या टपरीवर तावातावाने भांडलोय. पण भांडवलशाहीची पाळी आली की हीच लेखणी नव्या नवरीसारखी लाजते. बंगालात 1943 मध्ये लाखो माणसं अन्नाविना गेली, तिथे कुठला लाल झेंडा होता? तर म्हणे 'युद्धकालीन परिस्थिती'! एकाची खातेवही तपासायची आणि दुसऱ्याची नुसती लग्नपत्रिका वाचायची, याला तुलना म्हणत नाहीत.

'1991 मध्ये इतिहासाने निकाल दिला' हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपला कुठे लागला होता रे तेव्हा?"

त्याच वर्षी डिसेंबरात 12 तारखेला इथे इंदुरात हुकुमचंद कापड मिल बंद पडली आणि 25 ला मॉस्कोत सोव्हिएत संघाचा लाल झेंडा उतरला. हुकुमचंदच्या कामगारांच्या देण्याचा 224 कोटींचा चेक निघाला तो 25 डिसेंबर 2023 ला. तारीख तीच, मधे फक्त 32 वर्षं.

आमचे वडील दुसऱ्या मिलमध्ये, विणाई खात्यात. नाव लिहीत नाही. लूमच्या खडखडाटाने कान गेलेले, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. मिल बंद झाली तेव्हा बाकीच्यांनी बिल्ले जमा केले, यांनी केला नाही. "हिशेब पुरा झाला की देईन." तो पितळी बिल्ला अजून देवघराच्या खणात, कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. त्यावरचा नंबर आता बोटालाच कळतो. पैसे आले, पण वडील गेल्यावर, आईच्या खात्यात. आणि तुमचे लेखक लिहितात, 'बाजार ज्याचं त्याला देतोच.' देतो की, वारसदाराला!

मला कोणी डावा म्हणू नये म्हणून हेही सांगतो की लाल झेंड्याच्या युनियनची वर्गणी वडिलांनी न चुकता भरली, आणि मिल बंद झाल्यावर पुढारी काही आमच्या आळीत फिरकले नाहीत.

'इंदूरने या विचाराला कधी थाराच दिला नाही' हे विधान कुठून आलं? कम्युनिस्ट कामगार पुढारी होमी दाजी 1962 मध्ये अपक्ष म्हणून इथूनच लोकसभेत गेले. निदान तेवढं तरी तपासून छापायचं होतं.

जाता जाता: अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांवरचं (देखाव्यांवरचं) माझं मागचं पत्र तुम्ही खालून अर्धं कापलंत. मुद्दा खालीच होता. या वेळी कात्री लावायचीच असेल तर वरून लावा, 'झणझणीत'वाल्या वाक्यापासून.

आपला,
एक जुना वर्गणीदार, परदेशीपुरा, इंदूर