खटका कुठे बसवायचा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर दुकानाच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू सांगितलेल्या त्या अपंग मुलाला नुसत्या एका दाबाने कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून हवा असलेला खटका आणि तो जोडायची सोय मी करून पाठवतो, ते काही मोठं काम नाही. जुना यूएसबी माऊस उघडायचा, डाव्या बटणाखालच्या छोट्या कळीच्या, म्हणजे मायक्रोस्विचच्या, तीन पायांपैकी कामाच्या दोनांवर वायरी सोल्डर करायच्या आणि त्या साडेतीन मिलिमीटरच्या मोनो सॉकेटला न्यायच्या. मग बाजारातला जवळजवळ कुठलाही खटका त्यात लागतो, कारण बहुतेकांची पिन तीच, हेडफोनच्या मापाची. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये व्हिडिओ गेम खेळणाऱ्या अपंगांसाठी एक्सबॉक्सचा कंट्रोलर काढला, त्याच्या पाठीलाही याच मापाची १९ सॉकेटं आहेत. एवढ्या मोठ्या कंपनीने आपली वेगळी पिन काढून लोकांना अडकवलं नाही, याचं आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांना फार कौतुक!

खरं डोकं लागतं ते बसवताना. तू म्हणालीस, त्या मुलाचा उजवा हात बरा चालतो, तिथेच लावू. पण त्याची मान वळली की त्या बाजूचा हात ताठ होतो, हे मला तूच मागे समजावलं होतंस. मग हातावर खटका लावून त्याने पडद्याकडे बघायचं कसं? आपण बटणं हाताने दाबतो म्हणून त्यानेही हातानेच दाबावं असं कुठे आहे? गुडघा, पावलाची कड, डोक्याची बाजू, सगळं बघ. दाबता येतंय का एवढ्यावर थांबू नकोस, वेळेवर सोडता येतंय का तेही बघ. बोट रुतून बसलं तर पुढची निवड होतच नाही. थरथरीने एकाच्या जागी दोन दाब जात असतील, तर सॉफ्टवेअरमध्ये लगेचचा दुसरा दाब न मोजण्याची सोय असते, ती चालू कर. आणि टक्क वाजणारा खटका नको. मुलगा आवाजाने दचकणार, आणि दचकला की खटका पुन्हा दाबला जाणार.

आज सापडलेली जागा कायमची राहील असंही नाही. स्टीफन हॉकिंग आधी हातातली कळ दाबत. हात चालेना तेव्हा चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर त्यांच्या गालाची हालचाल टिपू लागला. त्याच्याही आधी, १९६० च्या सुमारास, इंग्लंडमध्ये रेग मेलिंग यांनी नळीत फुंकून आणि ओढून टाईपरायटर चालवायचं यंत्र केलं होतं. त्याला पॉसम म्हणत. म्हणजे श्वाससुद्धा पुरतो.

लिहिण्याचं म्हणशील, तर आपली वर्णमाला सोयीची आहे आणि नाहीही. पडद्यावरच्या अक्षरांच्या तक्त्यावर चौकट आपोआप ओळीओळीने सरकते, हवी ती ओळ आली की खटका, मग ओळीतलं अक्षर आलं की पुन्हा खटका. क, च, ट, त, प हे पाच वर्ग आयतेच पाच-पाचच्या ओळीत बसलेले. पण प्रत्येक घराला एक सेकंद धरलास तर ‘म’ला ५ अधिक ५, दहा सेकंद गेले. ‘मी’ लिहायला वेलांटीसाठी आणखी एक फेरी, आणि जोडाक्षरांचं तर बोलूच नको. म्हणून ‘हो’, ‘नाही’, ‘थांब’, ‘दुखतंय’ हे तयार शब्द सगळ्यात वरच्या ओळीत ठेव. वेग मुलाच्या मानाने लाव, आईबापाच्या उत्साहाच्या मानाने नको.

पण हे सगळं नंतर. पहिल्यांदा खटका घंटीला जोड. तुमच्याकडे खटका दाबला की भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्यापासून सुरुवात करतात म्हणालीस. ते बघणाऱ्यांना आवडतं, फोटोही छान येतात. रात्री कूस बदलायची असली तर कुत्रा काय कामाचा? घंटी सेलवरची घे, खटक्यापर्यंत घरचा २३० व्होल्टचा करंट कुठल्याही परिस्थितीत नेऊ नकोस. घरचे म्हणतील, हा सारखी वाजवतो. वाजवू दे की. इतकी वर्षं तो कोणी वळून बघायची वाट बघत पडून होता.

त्याच्या खुर्चीच्या डोक्यामागच्या दांडीची जाडी मोजून कळव, म्हणजे क्लॅम्प त्या मापाचा करतो. दोरा गुंडाळून मोज, डोळ्यांचा अंदाज नको. आई विचारते, दिवाळीला किती दिवस येणार?

तुझे
बाबा