पिंजऱ्याच्या अर्जावर सही करण्याआधी

माणिकडोह, ता. जुन्नर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला होता. तात्यांच्या उसात बिबट्या दिसला, गावानं पिंजरा लावायचा अर्ज लिहिलाय आणि सह्या गोळा करायचं काम चालू आहे, असं त्यानं सांगितलं. बाबा, तुमची सही अजून व्हायची आहे म्हणे. फोनवर हे सगळं धड बोलून होणार नाही, म्हणून लिहायला बसले. आई, बाबांचा नवा चष्मा येईपर्यंत हे पत्र तूच त्यांना वाचून दाखव.

आधी खुशाली. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, झोपही लागते. बँकेतली नोकरी सोडून या वयात पुन्हा कॉलेजला गेले, आणि आता सुट्टीत घरी यायचं सोडून बिबट्यांच्या केंद्रात इंटर्न म्हणून राहिले, याचा तुम्हाला घोर लागून राहिलाय, हे मला कळतं. आई, तू दर फोनला विचारतेस, "तिथं नक्की करतेस तरी काय?" तर ऐक. उजाडायच्या आत उठायचं. पिंजऱ्यांच्या भागात शिरताना औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे. पाण्याच्या टाक्या धुऊन भरायच्या, काल कुणी किती खाल्लं आणि किती टाकलं ते वहीत लिहायचं, विष्ठेचे नमुने घ्यायचे, दुपारी गोणपाट भिजवायचे. इथं वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून काम करतात. वर्षानुवर्षं इथं असलेले कामगार प्रत्येक बिबट्याला त्याच्या ठिपक्यांवरून ओळखतात. मी एकटी कुठल्याही पिंजऱ्यात जात नाही, जाऊही देत नाहीत. त्याची काळजी सोड.

मागच्या आठवड्यात एका मादीची तपासणी होती. ती तीन पायांची आहे. रानडुकरासाठी कुणीतरी तारेची फासकी लावली होती, त्यात हिचा पुढचा पाय गेला. उन्हाळ्यात भूल दिली की जनावराचा ताप चढतो, म्हणून हे काम सकाळच्या गारव्यातच उरकतात. डॉक्टरांनी फुंकनळीनं इंजेक्शन मारलं आणि ती हळूहळू आडवी झाली. या भुलीत बिबट्याचे डोळे मिटत नाहीत. म्हणून डोळ्यांत मलम घालून वर कापड टाकावं लागतं. माझ्याकडे श्वास मोजायचं आणि थर्मामीटर बघायचं काम होतं. दर थोड्या वेळानं आकडा मोठ्यानं सांगायचा, दुसरं कुणी बोलायचं नाही. तिचा उरलेला पुढचा पंजा माझ्या मांडीला टेकलेला होता. बाबा, त्याच्या गाद्या तुमच्या टाचांसारख्या भेगाळलेल्या होत्या. सगळं अंगाचं वजन त्या एका पंजावर पडतं, म्हणून डॉक्टर तिथंच जास्त वेळ तपासत होते. तिला आता कधीच सोडता येणार नाही. तीन पायांवर शिकार जमत नाही, मग ती सोप्या सावजाच्या मागे वस्तीत शिरेल.

शेजारच्या पिंजऱ्यात एक म्हातारा नर आहे. त्याचे सुळे तुटलेत. पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या गज चावतो, डोकं आपटतो, त्यात सुळे मोडतात आणि कपाळ फुटतं. गावात पिंजरा लागला, बिबट्या जेरबंद झाला, फोटो निघाले की आपल्याला वाटतं विषय संपला. पुढचं सगळं मी इथं रोज बघते.

तरी बिबट्याची दया करा एवढंच सांगायला मी लिहीत नाही. पिंजऱ्यानं आपल्या गावाचं भलं होणार नाही, हे मला तुम्हाला पटवायचं आहे. इथल्याच गोष्टीवरून सांगते.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा सगळा पट्टा कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर बागायती झाला. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं झाली, कालवे आले, त्यामागून ऊस आला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. दाट सावली, पाणी, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला याहून जास्त काही लागत नाही. माद्या उसातच वितात, पिल्लं उसातच वाढतात. त्या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं. आपल्या कराडकडेही हेच चाललंय, फक्त आपण ते उशिरा बघतोय.

२००१ च्या सुमाराला इथं बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायचा सपाटा लागला. पुढे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या नोंदी तपासल्या. ही धरपकड सुरू व्हायच्या आधी जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. पकडून सोडायला लागल्यावर ते १७ झाले, आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण दुप्पट झालं. बाबा, हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. पण विचार करा. अनोळखी रानात सोडलेलं जनावर घाबरलेलं असतं. कुठली वाट कुठं जाते, माणसं कधी कुठं असतात, काही ठाऊक नाही. ते परत आपल्या हद्दीकडे निघतं आणि वाटेतल्या गावांत शिरतं. इकडे त्याची जागा रिकामी झाली की दुसरा बिबट्या येऊन बसतो. तो बहुतेक तरणा असतो आणि त्यालाही हे गाव नवीन.

२००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक नर वनखात्यानं काढला आणि गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. सगळे त्याला आजोबा म्हणायचे. तो घाट उतरून, महामार्ग आणि रेल्वे ओलांडून, खाडी पोहून थेट मुंबईच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालला आणि वाटेत एकाही माणसाला त्यानं हात लावला नाही. पुढे २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला. लांब नेऊन सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहत नाही, हे त्या पट्ट्यामुळे नकाशावर दिसलं.

इथं माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. ज्या आईचं मूल गेलं तिच्यापुढे बिबट्याची बाजू मांडायला मी कधी उभी राहणार नाही. ज्या बिबट्यानं माणसावर हल्ला केला तो पकडलाच पाहिजे. त्यात वादच नाही. पण तात्यांच्या उसातला नुसता दिसलाय. तो कदाचित दोन वर्षं तिथंच असेल आणि आपल्याला आज दिसला असेल.

आणि ती मादी असेल तर? इथं एप्रिलमध्ये, कारखाने बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फडात, तोडकऱ्यांना पाचटात तीन बछडे सापडले. नुकते डोळे उघडलेले, तळहातापेक्षा थोडे मोठे. गर्दी जमली, मोबाइल निघाले. वनरक्षकानं तोड थांबवली, माणसं लांब केली. डॉक्टरांनी पिल्लं तपासली, गोचिड्या काढल्या, नर-मादी बघून घेतलं, कातडीखाली चिप बसवली. दिवस मावळताना पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवली, कॅमेरा लावला आणि सगळे लांब जाऊन बसलो. मादी पिल्लं शोधत फिरतच असते. त्या रात्री ती आली, क्रेट हुंगली, पंजानं कलती केली आणि एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेलं. दुसऱ्या पिल्लाला परत आली तेव्हा ती कॅमेऱ्यासमोर थांबून बराच वेळ बघत होती. तिसऱ्याला न्यायला मध्ये खूप वेळ गेला आणि आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. पण आली. ज्यांचा ऊस होता ते गृहस्थ पहाटे आमच्यासाठी चहा घेऊन आले आणि कॅमेऱ्यातलं सगळं दोनदा बघितलं. हीच पिल्लं कुणी उचलून नेली असती, तर चवताळलेली मादी त्या शिवारात रात्रंदिवस हिंडली असती, आणि दुसऱ्या दिवशी तिथं बायामाणसं कामाला जाणारच होती.

आता बाबा, तुमच्याबद्दल. लाइट रात्रीची असली की तुम्ही एकटे पिकाला पाणी पाजायला, दारं धरायला जाता. गुडघा दुखतो म्हणून बांधावर बसून राहता. हे बंद करा, मी हात जोडून सांगते. उभ्या माणसाला बिबट्या शक्यतो टाळतो, वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसाला तो सावज समजू शकतो. दादाला बरोबर घ्या, बॅटरी आणि काठी ठेवा, मोबाइलवर भजनं लावा. तुमची आवडती सगळी मी भरून दिलीत. शेळ्यांच्या गोठ्याला चारही बाजूंनी जाळी आणि वर छप्पर पाहिजे, नुसतं दार लावून भागत नाही. आई, उरलंसुरलं अन्न गोठ्यामागे टाकू नकोस. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. दादाच्या धाकटीला दिवेलागणीनंतर अंगणात एकटं सोडायचं नाही. बिबट्या दिसलाच तर त्याच्या मागे पळायचं नाही, पोरांना दगड मारू द्यायचे नाहीत, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करायचा.

तुम्ही सही करू नका असं मी म्हणत नाही. अर्ज बदलून घ्या. शेतीपंपाला दिवसा थ्री-फेज लाइट द्या, असा एक अर्ज महावितरणला. दुसरा वनखात्याला, गोठ्यांना जाळी आणि रात्रीची गस्त द्या म्हणून. तिसरा ग्रामपंचायतीला, शाळेच्या वाटेवर दिवे लावा आणि गावाबाहेरचा उकिरडा हलवा म्हणून. मसुदे मी याच पाकिटात घातलेत. सरपंचांना आणि तात्यांना दाखवा, त्यांना काही बदल हवे असतील तर दादाला सांगा, मी करून पाठवीन. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी येतेय. ग्रामसभा तेव्हा ठेवता आली तर इथला कॅमेऱ्यातला व्हिडिओ दाखवायची परवानगी मी मागून ठेवलीय.

आई, बीपीची गोळी चुकवू नकोस. दादा-वहिनींना नमस्कार, धाकटीला पापा.

तुमची,
लेक