सत्काराला न आलेल्या दोघांना

१०८ ॲम्ब्युलन्सवरच्या डॉक्टर आणि गाडी चालवणारे पायलट दादा,

सा. न. वि. वि.

गणपतीत आमच्या मंडळाने तुमचा सत्कार ठरवला होता. शाल, श्रीफळ, मंडळाचं नाव कोरलेली ट्रॉफी, सगळं आणून ठेवलं होतं. आरतीच्या आधी तुमचा फोन आला, कॉल लागलाय, येता येणार नाही. अध्यक्षांचं भाषण मात्र पाठ झालेलं होतं, ते त्यांनी केलंच. तुमच्यासाठी मांडलेल्या दोन खुर्च्यांकडे हात करून ते म्हणाले, "या दोघांनी आजींना मृत्यूच्या दाढेतून ओढून आणलं." टाळ्या पडल्या. खुर्च्यांवर तोवर ढोलपथकातली दोन पोरं येऊन बसली होती, त्यांनीही वाजवल्या.

मला त्या रात्री जे बोलायचं होतं ते राहून गेलं, म्हणून हे पत्र. त्यात एक कामही आहे. ससून रुग्णालयाच्या दारात आजींना सोपवून निघताना, डॉक्टर, तुम्ही मला म्हणाला होतात, "पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळतच नाही हो." ते पुढचं कळवायचं आहे. आणि अध्यक्षांनी ज्याचं कौतुक केलं, माझे आभार त्यासाठी नाहीत, तेही सांगायचं आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हे पत्र आणखीही कोणी वाचेल, म्हणून थोडं सांगते. आमचा वाडा भवानी पेठेत. पालखी विठोबाच्या देवळात माउलींचा मुक्काम असतो, तेव्हा परभणीकडची एक दिंडी आमच्याकडे उतरते. सासूबाईंच्या काळापासूनचा हा शिरस्ता. माडीवर बायका, खाली चौकात बाप्ये, आणि दोन दिवस नळाशी रांग. पुण्याहून निघायचा दिवस सगळ्यांत घाईचा, कारण पुढे सासवडपर्यंतचा टप्पा लांब, तीसेक किलोमीटरचा, आणि त्यात दिवे घाट. यंदा त्या दिवशी एकादशीही होती.

या दिंडीतल्या आपल्या आजी पहाटे तीनला उठून अंघोळ करून तयार होत्या. आदल्या रात्री पाय सुजले म्हणून जेवल्या नव्हत्या, नुसत्या झोपल्या होत्या. गोळ्या मात्र नेमाने घेतल्या, रात्रीचीही आणि पहाटेचीही. साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी चुकवायची नाही असं त्यांना गावच्या डॉक्टरांनी बजावलेलं होतं, आणि आजी आज्ञाधारक आहेत. तुळस डोक्यावर घ्यायला वाकल्या आणि भलतंच बोलायला लागल्या. सुनेला आईच्या नावाने हाक मारली. अंगाला दरदरून घाम. मग उजवा हात लुळा पडला, आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या त्या उठेनात.

"लकवा मारला," कोणीतरी म्हणालं, आणि क्षणात सगळ्यांनीच तसं ठरवून टाकलं. एक जण कांदा फोडून आला. एकीने वाटीत साखरपाणी कालवलं. मी १०८ लावला.

इथे मला तिसऱ्या माणसाचे आभार मानायचे आहेत, जिचं तोंडही मी पाहिलेलं नाही. राज्यात कुठूनही १०८ लावला तरी तो फोन आपल्या औंधच्या केंद्रात वाजतो, हे पुण्यात राहूनही आमच्या वाड्यात कोणाला माहीत नव्हतं. गडचिरोलीच्या बाळंतिणीचा फोनही तिथेच आणि भवानी पेठेचाही तिथेच. फोनवरच्या ताईंनी आधी पत्ता पक्का केला, मग श्वास चालू आहे का ते विचारलं. मग म्हणाल्या, "तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा. कुठली गोळी चालू असेल तर पाकीट शोधून ठेवा." ती वाटी ओठांपर्यंत गेली होती. शुद्ध नसलेल्या माणसाच्या घशातून पाणी थेट श्वासनलिकेत उतरू शकतं, हे मला नंतर समजलं. त्या वेळी फक्त ताईंच्या आवाजात एवढी जरब होती की वाटी धरणारीचा हात आपोआप खाली आला.

दादा, तुमची गाडी पालखीच्या बंदोबस्तासाठी जवळच उभी होती हे आमचं नशीब. पण जवळ म्हणजे काय, ते त्या पहाटे पेठेत असलेल्यालाच कळेल. रस्ता बंद, बॅरिकेड, आणि दिंड्यांमागे दिंड्या लागलेल्या. तुम्ही गल्लीत सायरन वाजवला नाहीत. खाली उतरलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "माउली, गाडी उलटी घ्यायचीय, जरा वाट." वाट झाली. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, असं २०१९ पासून कायद्यातच आहे. त्या पहाटे टाळकऱ्यांनी कायद्याचं नावही न ऐकता भिंतीला पाठ लावली. एरवी सिंहगड रस्त्याला तुमच्यापुढे गाड्या आडव्या घालणाऱ्यांना एकदा वारीत चालवायला हवं.

आणि पेशंट खाली यायच्या आधीच तुम्ही गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवलंत. ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्या आली, कारण माझे वडील पीएमटीत चालक होते, आणि 'निघायची तयारी आल्या आल्या करायची' हे त्यांचं घरातसुद्धा चालायचं.

डॉक्टर, तुम्ही माडीवर आलात तेव्हा पाच जण एकदम बोलत होते. लकवा, हार्ट, नजर, उपास. तुम्ही कोणालाच उत्तर दिलं नाहीत. बॅग उघडली, बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला ३१. उपाशीपोटीही सत्तरच्या खाली जाऊ नये, तिथे एकतीस. मेंदूला साखर कमी पडली की हातपाय लुळे पडणं, जीभ जड होणं, सगळं हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं, हे तुम्ही नंतर गाडीत सांगितलंत. हाताची शीर सापडेना. विणेकरी बुवा गळ्यात वीणा तशीच ठेवून एका हाताने मोबाइलचा उजेड धरून उभे होते. दुसऱ्या हाताला शीर सापडली, तुम्ही डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी, चढवायला घेतलंत, आणि बाटली संपायच्या आत आजींनी डोळे उघडले. लुळा पडलेला हात उचलून पदर सारखा केला आणि विचारलं, "दिंडी निघाली का?"

माडीवर 'पुंडलिक वरदा' झालं. दोन बायका तुमच्या पाया पडायला धावल्या. अध्यक्षांच्या भाषणातली मृत्यूची दाढ ती हीच, आणि दिसायला तो चमत्कारच होता, मी नाही म्हणत नाही.

पण माझे आभार त्याच्यानंतरच्या वेळासाठी आहेत.

कारण त्यानंतर तुम्ही सगळ्यांना नकोशा झालात. आजी बोलत होत्या, हसत होत्या, उभ्या राहू पाहत होत्या. दिंडीप्रमुख म्हणाले, चहा-बिस्कीट द्या, सामानाच्या ट्रकमध्ये बसवू, झालं. सून म्हणाली, दवाखाना लागला की वारी गेली. आजी तर म्हणाल्या, "काई झालं नाई मला, लेकरा. तुला तरास झाला, जा आता तू." खाली टाळ वाजायला लागले होते. तुम्ही म्हणालात, नाही, ससूनला न्यावं लागेल. तेव्हा जो घटकाभर आधी तुम्हाला देव मानत होता तोच घोळका 'सरकारी लोकांना केस दाखवायची असते' असं पुटपुटला. मी ऐकलं. तुम्हीही ऐकलं असणार.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. जमिनीवर आजींच्या शेजारी मांडी घालून बसलात, गोळ्यांचं पाकीट हातात घेतलंत आणि सांगितलंत, की ही ग्लिमेपिराइडची गोळी अंगात दिवसभर काम करत राहते. वयाने मूत्रपिंड मंदावलेलं असलं तर त्याहूनही जास्त. मी शिरेतून दिलेली साखर तासाभरात संपेल, गोळी संपणार नाही. साखर पुन्हा उतरेल, आणि तेव्हा तुम्ही दिवे घाटात असाल. सगळे गप्प झाले, आजी सोडून. त्या म्हणाल्या, "घाटात माउली हाय."

यावर तुम्ही जे बोललात ते कुठल्या पुस्तकात शिकवत असतील असं वाटत नाही. तुम्ही म्हणालात, "आजी, माउली सासवडला दोन मुक्काम करतात ना? तोवर ससूनवाले तुम्हाला सोडतात का ते बघू. जेजुरीला गाठाल." आजींनी बोटांवर मुक्काम मोजले. मग म्हणाल्या, "चल."

आमच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. दादांनी आमचीच लाकडी खुर्ची मागितली, आजींना चादरीने तिला बांधलं, पाय पुढे ठेवून, तोंड उताराकडे करून, आणि दिंडीतल्या दोन पोरांना हाताशी घेऊन एकेक पायरी मोजत खाली आणलं. वर सलाईनची बाटली धरून तुम्ही.

ससूनमध्ये तुम्ही सोपवताना काय सांगितलंत, ते मी मागे उभी राहून ऐकलं. किती साखर होती, किती वाजता, काय दिलं, नंतर किती आली, शेवटची गोळी कधीची, पोटात अन्न कधीचं, हाताची ताकद परत आली ती केव्हा. चार-पाच वाक्यं, त्यात एकही विशेषण नाही. पाकीट तिथल्या डॉक्टरांच्या हातात दिलंत. सही घेतलीत. आजींनी पिशवी उघडून विचारलं, "किती झालं माझं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही आजी, सरकारी गाडी आहे." त्यांना ते पटलं नव्हतं. दहाची नोट त्यांनी नंतर माझ्याकडे दिली, तुमच्यासाठी. ती मी खर्च केलेली नाही.

आता पुढचं. दुपारी साखर पुन्हा उतरली. ड्रिप चालू असतानाही पन्नासच्या खाली आली. नर्सबाई तासातासाला तपासत होत्या म्हणून लगेच सापडली. रात्री आणखी एकदा. माउलींचा रथ त्या दुपारी घाट चढत होता, आणि आजी दिंडीबरोबर निघाल्या असत्या तर तुम्ही म्हणालात तशा नेमक्या तिथेच असत्या. दुसऱ्या दिवशी आकडे स्थिरावले. मूत्रपिंडाचा रिपोर्ट थोडा बिघडलेला निघाला. ती गोळी बंद झाली, दुसरी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सोडलं. नातवाने गाडी केली आणि आजी जेजुरीला दिंडीत सामील झाल्या. पुढे चालू दिलं नाही कोणी, ट्रकमध्ये बसूनच पंढरपूर केलं. त्याबद्दल सुनेवर अजून राग आहे.

मुलीने मला दाखवलं की ८ जुलैला आंतरराष्ट्रीय पॅरामेडिक दिन असतो. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद डॉमिनिक जाँ लारे याचा तो जन्मदिवस. त्याने लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणणाऱ्या घोड्यांच्या हलक्या गाड्या काढल्या, आणि उपचाराचा क्रम हुद्द्यावर नाही तर जखमेवर लावला. दिन चांगला आहे. पण तो बहुधा आषाढीच्या आगेमागेच येणार, म्हणजे तुम्ही तेव्हाही कुठल्यातरी रिंगणाच्या कडेला गाडी लावून उभे असणार. गणपतीत ड्युटी, दिवाळीत भाजलेली पोरं, थर्टीफर्स्टला अपघात. आम्ही सत्काराला सणच निवडतो, आणि सण हाच तुमचा हंगाम.

आमच्या राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ जास्त गंभीर रुग्णांसाठी सज्ज केलेल्या आणि ७०४ साध्या. गाडीवर डॉक्टर असायलाच हवा, असं इथे सुरुवातीपासून ठरवलेलं. पुष्कळ ठिकाणी तसं नसतं. त्यात आयुर्वेद आणि होमिओपॅथीची पदवी घेतलेले तुमच्यासारखे तरुणच बहुतेक. आमच्या अध्यक्षांना तुम्ही बीएएमएस आहात हे कळल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला होता, हे सांगायला हरकत नाही. माडीवरच्या त्या सकाळी मला पदवी दिसली नाही. लोक पाया पडत असताना आणि लोक शिव्या देत असताना एकच गोष्ट त्याच आवाजात सांगणारी बाई दिसली.

मंडळाच्या शाली कार्यकर्त्यांनी जपून ठेवल्या आहेत. त्या नेण्यासाठी यायची गरज नाही, रिकामी शिफ्ट मिळाली तर झोपा. पाठवून देऊ.

एक शेवटचं. आजींच्या गावच्या डॉक्टरांना ससूनचा कागद मिळाला, आणि उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही ते त्यांनी नातवाला मोबाइलवर लिहून दिलं आहे. सून म्हणते, सासूबाईंना आता ते पाठ आहे. परवा मी स्वतः आजींना फोनवर विचारलं, पुढच्या एकादशीला काय करणार? त्या म्हणाल्या, "गोळी सोडीन, एकादशी नाई सोडणार. त्या पोरीला सांग, निम्मं ऐकलंय तुझं."

आपली,
भवानी पेठेतल्या वाड्यातली, जिन्यावर चपला उचलून बाजूला करणारी बाई